उंच पोरांना वाकवू नका, शिकवा

विहाराशेजारच्या सभागृहात सायंकाळी कराटेचा वर्ग भरतो. आमच्यापैकी दोघे तो वर्ग घेतात. दोन वर्षांपूर्वी तिथे दहावीतला एक मुलगा येत असे. उंची ६ फूट १ इंच, वजन जेमतेम ५७ किलो. पोरे त्याला ‘जिराफ’ म्हणत, आणि आम्ही ते हसण्यावारी नेत होतो. १४ एप्रिलच्या प्रात्यक्षिकात तो नेहमी शेवटच्या रांगेत, कारण पुढे उभा केला तर मागच्यांना दिसत नाही. सरावात ‘आणखी खाली बस, आणखी खाली’ हा आमचा ठरलेला हुकूम. इतरांच्या मांड्या जमिनीला समांतर झाल्या की त्याच्याही झाल्या पाहिजेत, असा आमचा हट्ट. गुडघा दुखतो असे त्याने दोनदा सांगितले. आम्ही म्हणालो, ‘आळस करू नकोस.’ तिसऱ्यांदा त्याने काही सांगितले नाही. तो यायचाच बंद झाला.

ही चूक आमची होती, हे आधी कबूल करतो आणि मग पुढचे लिहितो. त्या मुलाच्या गुडघ्याला काय झाले होते, ते आम्हाला पुढे वाचून आणि डॉक्टरांना विचारून कळले. तेव्हाच कळले असते तर एक चांगला खेळाडू वर्गातून गेला नसता. आपल्या वस्त्यावस्त्यांत आज कराटे, तायक्वांदो, ज्युदो, लाठीकाठीचे वर्ग चालतात. त्यांत प्रत्येक ठिकाणी एखादा तरी असा ताडमाड मुलगा किंवा मुलगी असते. म्हणून आरोग्याच्या या पानावर आम्ही एक मत ठामपणे मांडणार आहोत: सगळ्यांना सारखी संधी देणे म्हणजे सगळ्यांचे गुडघे एकाच मापात वाकवणे नव्हे. शिकवण्याचे तत्त्व सर्वांना एकच असावे. माप मात्र ज्याचे त्याच्या शरीराचे असावे.

एका रांगेची सवय आली कुठून?

‘कराटेची परंपराच तशी आहे, सगळ्यांनी एकसारखेच करायचे,’ असे अनेक प्रशिक्षक सांगतात. इतिहास पाहिला तर हे पूर्ण खरे नाही. ओकिनावा बेटावर जुने गुरू मोजक्याच शिष्यांना जवळ घेऊन शिकवत. १९०१ साली अँको इतोसू यांच्या प्रयत्नांनी कराटे तिथल्या शाळेत शिरले. एकाच वेळी वर्गभर मुलांना शिकवायचे म्हणून त्यांनी सोप्या ‘पिनान’ काता बांधल्या. आपल्याकडची मुले ज्यांना ‘हेयान’ म्हणतात, त्या त्याच. पुढे १९२२ साली गिचिन फुनाकोशी कराटे घेऊन टोकियोत आले आणि ते जपानच्या विद्यापीठांत पसरले. रांग, शिटी, एका तालावर हालचाल ही शाळेची आणि कवायतीची सोय होती. सोय म्हणून ती चांगलीच आहे. शिस्त लागते, ४० मुले एका तासात हलतात. पण सोयीला धर्म समजू नये.

आपल्या मातीतला वस्ताद हे केव्हाचे जाणून आहे. तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद आधी त्याचा बांधा पाहतो. ठेंगणा, ठोसर, खांद्याने भरलेला पोरगा असेल तर त्याच्याकडून धोबीपछाड घोटून घेतो, कारण त्यात समोरच्याच्या खाली शिरावे लागते. लांब पायांचा असेल तर टांगेचे डाव शिकवतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव बँटमवेट गटातले, लहान चणीचे मल्ल होते. त्यांची कुस्ती चपळाईची होती. तीच कुस्ती सहा फुटी पैलवानाने जशीच्या तशी करावी, असे कुठला वस्ताद सांगणार नाही. मग कराटेच्या वर्गात आपण असे का सांगतो?

गेसिंक यांनी काय शिकवले

उंच शरीराचा विषय निघाला की एक नाव आधी घ्यावे लागते, ते अँटन गेसिंक यांचे. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टचा हा ज्युदोपटू. उंची १९८ सेंटिमीटर, म्हणजे साडेसहा फूट. ज्युदो ही कला १८८२ साली जिगोरो कानो यांनी उभी केली. ते स्वतः ठेंगणे होते. थोड्या बळाने मोठ्या बळाला नमवायचे, हे तिचे ब्रीद. त्या काळी जागतिक स्पर्धेत वजनगट नसत. १९६१ साली पॅरिसमध्ये गेसिंक विश्वविजेते झाले. जपानबाहेरचे ते पहिलेच. १९६४ साली टोकियोत ज्युदो प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत गेसिंक यांच्यासमोर जपानचे अकियो कामिनागा होते. सगळा जपान श्वास रोखून बसला होता. गेसिंक जिंकले.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. गेसिंक यांनी ती लढत लांब पायाच्या फटकाऱ्याने जिंकली नाही. त्यांनी कामिनागा यांना जमिनीवर दाबून धरले आणि पकड सुटू दिली नाही. म्हणजे उंच माणसाची जी बाजू लोक कच्ची समजतात, खाली जमिनीवरचे काम, तीच त्यांनी पक्की केली होती. त्यांना जपानी गुरू मिचिगामी यांचे मार्गदर्शन होते. गुरू परंपरेतला होता, शिष्य वेगळ्या मापाचा होता, आणि दोघांनी मिळून वाट काढली. पुढे २०४ सेंटिमीटर उंचीच्या फ्रान्सच्या टेडी रिनेर यांनी २०१२, २०१६ आणि २०२४ अशी तीन ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली. अशिहारा कराटेतून आलेले नेदरलँड्सचेच सेमी शिल्ट तर २१२ सेंटिमीटर. सरळ लाथ, पुढच्या हाताचा ठोसा आणि जवळ आलेल्याला गुडघा, एवढ्या साध्या हत्यारांवर त्यांनी के-वन ही मोठी किकबॉक्सिंग स्पर्धा २००५, २००६, २००७ आणि २००९ साली जिंकली. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. आपल्या शरीराला जे साजते तेच हजारदा घोटलेले.

उभे राहण्याचे माप फरशीवर नसते

आता प्रत्यक्ष सरावाकडे येऊ. पहिली गोष्ट उभे राहण्याची. झेनकुत्सु-दाची शिकवताना अनेक ठिकाणी फरशीच्या रेघा दाखवतात: ‘इथून इथपर्यंत पाय.’ साडेचार फुटांच्या मुलाला जी लांबी बरोबर बसते, तीच सहा फुटांच्या मुलाला तोकडी पडते. तो उभाच्या उभा राहतो, धक्का लागला की डोलतो, आणि मग आपण म्हणतो, ‘उंच आहे, तोल नाही.’ तोल असतो. माप चुकलेले असते. पाय किती लांब टाकायचा हे त्याच्याच शरीरावरून ठरवा. रुंदी खांद्याएवढी आणि लांबी खांद्यांच्या रुंदीच्या साधारण दुप्पट, हा जुना हिशोब चांगला आहे. तपासायची रीत सोपी आहे. तो उभा राहिला की खांद्याला हलकेच ढकला.  तो डोलला नाही, तर माप बरोबर.

दुसऱ्या टोकाची चूक घोडा-बैठकीत, म्हणजे किबा-दाचीत होते. मांडी जमिनीला समांतर हवीच, हा आग्रह उंच मुलाच्या बाबतीत बहुधा चुकतो. मांडीचे हाड लांब असेल तर कंबर टाचांच्या फार मागे जाते आणि न पडण्यासाठी पाठ पुढे झुकवावी लागते. ही हाडांची भूमिती आहे, आळस नव्हे. बैठकांमध्येही हेच दिसते. लांब मांडीचा मुलगा पूर्ण खाली बसला की टाचा उचलल्या जातात किंवा कमरेत बाक येतो. अशा मुलाला पाय थोडे जास्त रुंद आणि चवडे थोडे बाहेर ठेवू द्या. टाचेखाली दोन सेंटिमीटरची लाकडी पट्टी ठेवा. सुरुवातीला अर्ध्या बैठका घ्या, एक पाय पुढे टाकून बसण्याचा व्यायाम द्या, आणि घोट्याची लवचीकता हळूहळू वाढवा. सहा महिन्यांत तो स्वतःच खाली जाऊ लागेल, पण पाठ सरळ ठेवून.

जोर मारतानाही न्याय करा. लांब हातांच्या मुलाची छाती प्रत्येक जोराला जास्त अंतर खाली जाते आणि तेवढीच वर येते. त्याचे २० जोर हे आखूड हातांच्या मुलाच्या २५ जोरांएवढे कष्टाचे असू शकतात. आकडा सगळ्यांना एकच ठेवायचा असेल तर त्याला वेळ जास्त द्या. ‘एवढा मोठा झालास आणि २५ जोर होत नाहीत?’ हे वाक्य मात्र वर्गातून हद्दपार करा. बदकचाल आणि बेडूकउड्या शिक्षा म्हणून देण्याची पद्धतही बंद करा. ती कोणाच्याच गुडघ्याला चांगली नाही, आणि वाढत्या वयातल्या लांब पायांना तर अजिबात नाही.

लांब हातपाय: देणे आणि घेणे

कुऱ्हाडीचा दांडा लांब असेल तर टोकाला वेग जास्त येतो, पण उचलायला आणि परत आणायला जोरही जास्त लागतो. लांब पायाचे अगदी तसेच आहे. लाथ दूर पोहोचते, जोरात बसते. पण निघायला आणि परत यायला वेळ लागतो. त्यामुळे उंच खेळाडूची लाथ पकडली जाते. यावर उपाय एकच: लाथ मारण्याइतकाच सराव लाथ परत आणण्याचा. गुडघा आधी वर, मग पाय बाहेर, मग गुडघा पुन्हा वर, आणि मगच पाय खाली. हे हळू गतीने, भिंतीला हात टेकून, रोज प्रत्येक पायाने दहा वेळा करावे. गोल फिरणाऱ्या आणि उडत्या लाथांपेक्षा पुढच्या पायाची सरळ लाथ आणि कडेची लाथ आधी पक्की करावी. ठोशांतही पुढच्या हाताचा सरळ ठोसा हे त्याचे पहिले हत्यार.

इथे एक धोका आहे आणि तो फार कमी प्रशिक्षक ओळखतात. शालेय स्पर्धेत उंच मुलगा केवळ पाय लांब म्हणून जिंकतो. तायक्वांदोत तर पुढचा पाय हवेत धरून समोरच्याला दूर ठेवले की बरेच काम होते. पदके मिळतात, घरचे खूश, वर्गाचे नाव होते. पण तो मधल्या अंतरावर काय करायचे ते कधी शिकतच नाही. मग जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या स्पर्धेत एखादा चपळ, ठेंगणा खेळाडू त्या लांब पायाच्या आत घुसतो आणि हा गोंधळतो. त्याच्या लांब हाताला ठोसा मारायला जागाच उरत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, उंच मुलाचा निम्मा सराव त्याच्या नावडत्या अंतरावर व्हावा. समोरचा आत आला की कोनात पाऊल टाकून बाजूला सरकणे, गुडघा वापरणे, त्याचे हात बांधून धरणे आणि पुन्हा अंतर मोकळे करणे, हे चार धडे त्याला आठवड्यातून दोनदा द्या. त्याच्या शरीराला साजेसे शिकवायचे म्हणजे त्याचे लाड करायचे नव्हेत. उलट काही बाबतीत त्याला इतरांपेक्षा जास्त घाम गाळावा लागतो, हे त्याला स्पष्ट सांगावे.

अंगाचा बचावही वेगळा पाहावा लागतो. उंच मुले खाली बघण्याच्या सवयीने हनुवटी पुढे काढतात. ती छातीकडे ओढायला शिकवा. धड लांब असल्याने हात वर घेतले की बरगड्या उघड्या पडतात. कोपरे खाली, अंगाला चिकटून हवीत. लांब मांडी म्हणजे खालच्या लाथेला मोठे लक्ष्य. नडगी उचलून लाथ अडवणे लवकर शिकवा.

ज्युदो आणि कुस्तीत समोरच्याच्या खाली शिरून खांद्यावरून टाकण्याचे डाव उंच मुलाला अवघड जातात, कारण त्याला आपली कंबर समोरच्याच्या कमरेखाली न्यायची असते. त्याने मानेमागची किंवा पाठीवरची उंच पकड घ्यावी आणि पायांनी उचलायचे, अडवायचे डाव घोटावेत. ज्युदोतले उचि-माता आणि ओसोतो-गारी यासाठीच आहेत. पट काढायला येणाऱ्यापासून पाय मागे फेकून वाचणे हा त्याचा रोजचा पाठ असावा.

पडण्याबद्दल एक शब्द जास्त. उंच माणूस जास्त उंचीवरून पडतो. डोके जमिनीवर आदळण्याची भीती त्याला अधिक. म्हणून कुठलाही टाकण्याचा डाव शिकवण्याआधी पडायला शिकवा: आधी बसून, मग उकिडवे, मग उभ्याने, हनुवटी छातीला, हात जमिनीवर आपटून. आणि सभागृहात काठीचा किंवा उडत्या लाथेचा सराव घेण्याआधी एकदा वर बघा. आमच्याकडचा छताचा पंखा त्या मुलाच्या काठीपासून वीतभर अंतरावर होता, हे आम्हाला तो गेल्यावर लक्षात आले.

वाढीच्या वयातले दुखणे खरे असते

आता त्या मुलाच्या गुडघ्याकडे येऊ. मुलींची उंची साधारण १२ व्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची १४ व्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. मुलगे त्या काळात वर्षाला ८ ते १० सेंटिमीटरही वाढतात. काही जण उशिरा वाढतात. हाडे आधी लांबतात, स्नायू आणि त्यांचे दोर मागून येतात. त्यामुळे शरीर आखडते. काल जमत असलेली लाथ आज जमत नाही. मुलगा धडपडतो. ही काही महिन्यांची अवस्था असते. या काळात त्याचा बेल्ट परीक्षेत अडला तरी त्याला नापास माणूस ठरवू नका.

याच वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखू लागते. तिथे टेंगूळ दिसते, दाबले तर कळ येते, उडी मारली किंवा गुडघ्यावर बसले की वाढते. याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. मांडीचा स्नायू वाढत्या हाडाच्या मऊ भागाला ओढत राहतो, म्हणून हे होते. टाचेतही असेच दुखणे होते. बहुतेकांचे वाढ पूर्ण झाली की आपोआप शमते. पण तोवर उड्या, खोल बैठका आणि गुडघ्यावर वज्रासनासारखे बसणे कमी करावे लागते. बर्फाचा शेक, मांडीचे हलके ताण आणि दुखणार नाही एवढाच सराव. वर्ग सोडायची गरज बहुधा नसते. हातांचा, पडण्याचा, पावलांचा सराव चालू ठेवता येतो. आम्ही त्या मुलाला एवढेच सांगायला हवे होते.

भिंतीवर पेन्सिलची खूण करून दर तीन महिन्यांनी उंची मोजा. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली की उड्या आणि ताणाचे व्यायाम सौम्य करा. हा आमच्या वर्गाने स्वतःसाठी घातलेला नियम आहे. आणि कोणाच्याही पाठीवर बसून, खांदे दाबून पाय फाकवायला लावू नका. लांब पायाच्या मुलाला आखडलेपण जास्त जाणवते, म्हणून नेमके त्यालाच जास्त दाबले जाते. जांघेतला स्नायू फाटला की महिनोन्‌महिने जातात.

काही लक्षणे मात्र वर्गात निस्तरायची नसतात. मूल घरातल्या सगळ्यांपेक्षा फारच उंच आणि सडसडीत आहे, बोटे असामान्य लांब आहेत, दोन्ही हात पसरले तर लांबी उंचीपेक्षा बरीच जास्त भरते, छातीचे हाड आत गेलेले किंवा बाहेर आलेले आहे, चष्म्याचा नंबर मोठा आहे, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे, अशा काही गोष्टी एकत्र दिसल्या तर स्पर्धेआधी हृदयाची तपासणी करून घ्या. मार्फन नावाच्या जन्मजात विकारात हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी कमकुवत असते. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन हिची उंची ६ फूट ५ इंच होती. १९८६ साली जपानमध्ये सामना चालू असताना ती कोसळली आणि गेली. तिला हा विकार होता हे मृत्यूनंतर कळले. बहुतेक उंच मुले आई-वडिलांवर गेलेली, ठणठणीत असतात. घाबरायचे कारण नाही. पण हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, ही न दुखणारी तपासणी आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. तसेच सडपातळ उंच तरुणाच्या छातीत एका बाजूला अचानक कळ आली आणि धाप लागली तर ‘गॅस झाला’ म्हणून बसू नका. फुप्फुसाभोवती हवा साचलेली असू शकते. लगेच दवाखाना गाठा.

वजन तोडणे थांबवा

आमचा सर्वांत तीव्र आक्षेप इथे आहे. या खेळांत गट बहुतेक वेळा उंचीवर नव्हे, वजनावर ठरतात. म्हणून उंच मुलाला खालच्या वजनगटात बसवले की त्याचा हात-पाय सगळ्यांपेक्षा लांब ठरतो. हा हिशोब प्रशिक्षकांना ठाऊक असतो. मग स्पर्धेआधी आठवडाभर जेवण बंद, पाणी बंद, स्वेटर घालून धावणे. वाढत्या वयाच्या, आधीच हडकुळ्या मुलावर हा अन्याय आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत वजन उतरवण्याच्या नादात तीन महाविद्यालयीन कुस्तीपटू जवळपास महिन्याभरात मरण पावले. त्यानंतर तिथले नियम बदलावे लागले. २०२४ साली पॅरिसमध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमने अपात्र ठरली, तेव्हा सगळा देश हळहळला. ती प्रौढ खेळाडू होती आणि तिच्या मागे वैद्यकीय पथक होते. आपल्या वस्तीतल्या चौदा वर्षांच्या मुलामागे कोण असते? १८ वर्षांखालील मुलाला उपाशी ठेवून खालच्या गटात उतरवणारा वर्ग कितीही पदके आणत असला, तरी पालकांनी तिथून मूल काढून घ्यावे. हे आमचे मत आम्ही सौम्य करणार नाही.

वाढणाऱ्या अंगाला खायला हवे. डब्यातली महागडी पावडर नको. सरावाआधी मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा केळे, सरावानंतर भाकरी, डाळ किंवा उसळ, अंडी. परवडेल तसे दूध, मासे, पालेभाज्या, नाचणी. रिकाम्या पोटी सराव नको. आणि आठ-नऊ तास झोप. मुलीची पाळी सरावाच्या काळात थांबली तर ते जोमदार सरावाचे लक्षण मानू नका. पोटात अन्न कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरांना दाखवा.

उंच मुलीबद्दल

उंच मुलाचे निदान कौतुक तरी होते. उंच मुलीला घरातूनच ऐकवले जाते, ‘एवढ्या उंच मुलीला मुलगा कुठून शोधायचा?’ ती दहाव्या-अकराव्या वर्षापासून खांदे पाडून, पाठ वाकवून चालू लागते. आमच्या वर्गात आता नववीतली अशी एक मुलगी आहे, ५ फूट ९ इंच. पहिल्या दिवशी ती मान खाली घालून शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिली. आम्ही तिला रांगेच्या कडेला पुढे आणले. तिथून तिचे पाय आम्हाला दिसतात, आणि मागच्यांची वाटही अडत नाही. तिच्या मापाने पावले टाकायला लावली. तिची सरळ लाथ पॅडवर बसली तेव्हा पॅड धरणारा मुलगा दोन पावले मागे गेला. त्या दिवसानंतर ती वाकून चालताना आम्हाला दिसलेली नाही.

मुलींच्या पाठीकडे पालकांनीही लक्ष द्यावे. पुढे वाकायला सांगून मागून पाहा. एका बाजूची बरगडी उंच दिसली किंवा एक खांदा खाली असेल तर कण्यात बाक असू शकतो. लवकर कळले तर उपाय सोपे असतात.

कमी खर्चात काय करता येईल

प्रशिक्षक विचारतील, ‘चाळीस मुले, एक तास, एकेकाचे माप कुठे घेत बसू?’ प्रश्न रास्त आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही. वर्षातून दोनदा उंची, वजन आणि दुखणी एका वहीत लिहा. उंच मुलांना रांगेच्या कडेला उभे करा. पॅड आणि पिशवी त्यांच्या छातीच्या उंचीवर धरा किंवा टांगा. सरावाची जोडी दर आठवड्याला बदला: एकदा त्याच वजनाचा ठेंगणा, एकदा दुसरा उंच. गणवेश दरवर्षी आखूड होणार, म्हणून शिवतानाच बाही आणि पायात दुमड ठेवून घ्या. टोपणनावे बंद करा. आणि मूल ‘दुखते’ म्हणाले की पहिल्याच वेळी ऐका.

पालकांनी वर्ग निवडताना एवढेच पाहावे: तिथला गुरू मुलाकडे बघून शिकवतो की फरशीच्या रेघेकडे बघून?

तो मुलगा आता बारावी झाला. मागच्या महिन्यात बाजारात भेटला. आम्ही गुडघ्याची चौकशी केली, चूक कबूल केली, वर्गाला ये म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, ‘सर, आता खाली बसवणार नाही ना?’ नाही बसवणार. पण कोपरे अंगाला चिकटवायला लावू, आणि दहा लाथा हळू, भिंतीला हात टेकून. तो सोमवारी येतो म्हणाला आहे. पंख्याखालची जागा आम्ही मोकळी ठेवली आहे.